पाणी घालू नये

न्हाई न्हाई न्हाई, पाणी नको! घ्या तो गिलास तिकडं. माऊली पेंटर, पाया पडतो तुमच्या, चहा सांगा, पाहिजे तर हा हिरवा रंग पाजा, पण पाण्याचं नाव माझ्यापुढं काढू नका... तुमी आपले लिवायला घ्या. मागच्या बारीला बोर्ड रंगवून दिला होता ना, लाल अक्षरात, 'पाणी घालू नये', खाली 'हुकुमावरून'... तसाच दुसरा पाहिजे. जरा लहान. भिताडाला लावायचा न्हाई ह्यो. कुठं लावायचा? सांगतो ना! काहून हसून राहिले तुमी? अन् हे बाकड्यावरचे पाव्हणेबी हसून राहिले... हसा, हसा, सेनगावची जीप भरायला अजून टाईम हाय, तवर बसल्या जागी हसा. पण तुमाला सांगतो, जिंदगी गेली माझी सोयाबीन अन् हळद करण्यात, ह्या उकंडरावचं वावर पाहायला चार गावची माणसं येतात, पण ह्या बोटभर उंचीच्या झाडानं मला जेवढं जेरीस आणलं ना, तेवढं रानडुकरानं सुदा न्हाई आणलं!

झाडाचं नाव सेडम. ऐकलं का कधी? म्याबी न्हाई ऐकलं. आमच्या सोमेश्वरचं लगीन झालं, सून आली मंजुषा, जवळा बाजारची. आता बाकीच्या पोरी माहेरून काय आणतात, कपाट आणतात, दिवाण आणतात. हिनं वरातीच्या गाडीत मांडीवर काय धरलेलं, तर एक कुंडी! म्हणलं तुळस असंल. तुळस कुठली हो... मातीला चिकटून पसरलेलं, बारीक बारीक पानं, भिजवलेल्या मुगावानी फुगलेली. ना फूल, ना फळ, ना वास. आमची घरवाली पार्वतीबाई माप ओलांडून घेताना माझ्या कानात म्हणते, "अवो, हे काय हाय? भाजीचं हाय का?" लक्षात ठेवा हां हे, भाजीचं हाय का म्हणली होती.

आता आमच्यात सुनेनं सासऱ्याशी बोलू नये असा काही कायदा न्हाई, पण बोलत न्हाईत. चहा आणायची, ठेवायची, पदर सावरायची, जायची. काही सांगायचं असलं का ती सोमेश्वरला सांगायची, सोमेश्वर आईला सांगायचा, आई मला सांगायची, माझ्यापोतर येईस्तोवर गोष्ट शिळी. एकदा तर "मामांच्या सदऱ्यावर मुंगळा हाय" हा निरोप मला मुंगळा चावल्यावर मिळाला! असं सालभर चाललं. मला लई वाटायचं हो, लेकीवानी पोरगी घरात हाय, दोन शब्द बोलावं. पण सुरुवात कोण करणार?

मग तिला दिवस गेले. सातव्यात माहेरी न्यायला आले तिचे वडील. सामान जीपमधी चढलं, अन् ही पोरगी कुंडी घेऊन सरळ माझ्यापुढं उभी! "मामा," म्हणली. मला! थेट! माझ्या हातातली सुपारी खाली पडली. "मामा, माझं सेडम सांभाळाल का? जीपमधी हिंदकळंल, म्हणून ठेवून चालले. याला पाणी घालायचं न्हाई. पानातच पाणी असतं याच्या. माती पार कोरडी झाली, पानं जरा सुरकुतली, का मगच घोटभर. रोज घातलं का सडतं." म्या म्हणलं, "अगं, पण तुझ्या आत्याबाई..." तर हळूच म्हणली, "आत्याबाईंला सांगून उपेग न्हाई, मामा. त्यांचा हात थांबत न्हाई. तुमी ऐकून घेता." तुमी ऐकून घेता! आख्ख्या घरात माझ्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. माझ्या बायकोनं तर उलटंच सांगितलं असतं. मी असा फुगलो, त्या सेडमच्या पानावानी, अन् म्हणलं, "पोरी, तू लेकरू घेऊन ये, हे झाड असंच टवटवीत तुझ्या हातात देतो. उकंडरावची जबान हाय."

पाणी घालायचं न्हाई. सोपं हाय का न्हाई? शेतकऱ्याला काय काय करावं लागतं, पेरा, निंदा, फवारा, राखण करा... अन् हितं काय करायचं, तर काहीच करायचं न्हाई! म्हणलं आपल्याला झोपेत जमंल.

तुमाला सांगतो, काहीच न करण्यावानी अवघड काम जगात दुसरं न्हाई.

कारण आपल्याकडची रीत कशी? उन्हाळ्यात पाणी लांबून आणायचं. पाव्हणा आला का आधी तांब्या भरून द्यायचा. पाव्हणा पिणार अर्धा. उरलेलं काय करणार? माघारी रांजणात न्हाई ओतता येत, उष्टं. मोरीत टाकलं तर पाप. मग पाव्हणा उठतो, आजूबाजूला बघतो, अन् जिथं हिरवं दिसंल तिथं ओततो. बराबर? आपला बाप असंच करायचा, आपण असंच करतो. धुणं धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, हात धुतलेलं, सगळं पाणी झाडाच्या बुडाशी. आमच्या अंगणात लिंब हाय, त्याला आजवर कोणी नेमानं पाणी घातलं न्हाई, निस्त्या पाव्हण्यांच्या उष्ट्या तांब्यावर वाढलाय तो. अन् ह्या असल्या घरात मी ओसरीच्या कट्ट्यावर ती कुंडी ठेवली, ऐन पाव्हण्याच्या हाताशी!

दुसऱ्याच सकाळी बघतो तर पार्वतीबाई तांब्या घेऊन वाकलेली. म्या वरडलो, "पाणी घालू नको!" ती दचकून माझ्याच धोतरावर ओतून मोकळी. म्हणती, "काय माणूस हाय! सून दोन जिवांची, तिचं झाड तहानलेलं ठेवता? तिचा जीव अडकलाय त्याच्यात. हितं झाडाला कोरड पडली अन् तिकडं तिला पडली म्हंजी?" म्या सगळं समजावून सांगितलं, पानातच पाणी असतंय. तर म्हणती, "उंटाच्याबी पोटात असतंय म्हणे. मग त्याला काय कोणी पाजतच न्हाई का?" मी शपथ घातली. ती म्हणली, बरं, न्हाई घालत. अन् तुमाला सांगतो, तिनं खरंच तांब्यानं न्हाई घातलं. तांदूळ धुतलेलं घातलं! का तर म्हणे, "ते पाणी थोडंच हाय? ते तर धुवण हाय!"

मग शेजारची जनकाबाई. रोज दुपारी येती, पार्वतीबाईसोबत बसती, पाणी पिती, गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढती, अन् जाताना उरलेलं कुंडीत. मी म्हणलं, "जनकाबाई, पाणी घालू नका." ती हात जोडून म्हणती, "राहू द्या हो दादा, आभार कशाला मानता, आपलंच झाड हाय." मी आभार मानून राहिलो का?

अन् आमचा मेव्हणा संतराम! पार्वतीबाईचा भाऊ. तंबाखू खातो. हा मुक्कामाला आला, सकाळी उठला, तांब्या घेतला, अन् कट्ट्यावर बसून खळखळखळ... चूळ थेट सेडमवर! म्या धावलो. म्हणलं, "संतराम, अरे पाणी घालायचं न्हाई त्याला!" तर तोंड पुसत मलाच सांगतो, "दाजी, हे पाणी न्हाई, औषध हाय. तंबाखूच्या चुळीनं मावा जातो झाडाचा." मावा जातो! झाड गेलं तरी चालंल, मावा गेला पाहिजे!

तवा मी तुमच्याकडं आलो, माऊली, बोर्ड करायला. तुमी केला झकास. मी लावला कुंडीच्या वर, भिताडाला, 'पाणी घालू नये'. अन् काय झालं असंल? अहो, आधी ज्यांना दिसत नव्हतं त्यांनाबी झाड दिसाया लागलं! जो येतो तो पाणी पितो, बोर्ड वाचतो, मोठ्यानं वाचतो, मला इचारतो, "काहून हो, काहून घालू नये?" मी सांगायला लागतो, पानातच पाणी असतंय, मुळं सडतात... तो मान हलवतो, व्हय व्हय म्हंतो, बराबर हाय म्हंतो, अन् बोलता बोलता उरलेलं त्यातच ओततो. बोर्डाकडं बघत बघत ओततो! हात कुठं ऐकतो हो माणसाचा?

वरून बोभाटा काय, तर उकंडराव सुनेचं झाड तहानेनं मारून राहिला. माहेरून आणलेलं झाड, त्याला सासऱ्यानं पाणी तोडलं! आधी आमच्या आळीत, मग वरच्या आळीत, मग बाजाराच्या दिवशी जीपमधी बसून ती बातमी पार जवळा बाजारला गेली. अन् एक दिवस इवायाचा फोन, मंजुषाच्या वडिलांचा. लई जपून बोलून राहिले बिचारे. "उकंडराव, तुमच्याकडं पाण्याची लई तकलीफ हाय का? लाजू नका. आमची सिद्धेश्वरच्या कालव्याखालची जमीन, पाणी हाय भरपूर. एक टँकर धाडून देतो." आपल्यात म्हण हाय, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. अहो घोडं परवडलं, ह्यो टँकर धाडून राहिला!

मग मी पहारा बसवला. सोताचाच. कुंडी घेऊन बसायचो. सकाळी उन्हात ठेवायची, दुपारी उचलून सावलीला, जशी काही दुभती म्हैस. गावात कुठं जायचं तर बगलेत कुंडी. पण मृगाचा पाऊस झाला, पेरणी आली, वावरात तर जावंच लागतं ना? पार्वतीबाईला बजावलं, जनकाबाईला बजावलं, संतराम गावातच नव्हता म्हणून देवाला हात जोडले, अन् गेलो. पेरणी उरकून आलो तर कुंडीत पाणी तुडुंब! खालचं भोक गाळानं बुजलेलं. "कोणी घातलं?" तर पार्वतीबाई शांतपणे म्हणती, "कोणीच न्हाई. पेरणीला माणसं आली होती, पाणी पिऊन गेली." पेरणीची माणसं, माऊली! एकेकाचा अर्धा अर्धा तांब्या धरा!

झाड काळं पडलं. फुगलेली पानं बोट लावताच गळून राहिली, देठाचा चिखल झाला. म्या वाळू आणली, विटांचा चुरा घातला, मुळ्या काढून पेपरावर वाळवल्या, हळद लावली, आपली घरची हळद. कशाचं काय. खरं सांगतो, लई वाईट वाटलं. पोरगी सालभरात एकदा बोलली माझ्याशी, एकच गोष्ट मागितली, तीबी काय, तर काही करू नका म्हणून. अन् आता ती लेकरू घेऊन येणार, पुन्हा पदर सावरून चहा ठेवून जाणार, अन् माझा मुंगळा पुन्हा मलाच धुंडावा लागणार.

तेवढ्यात मंजुषा बाळंत झाली. पोरगी झाली! पेढे वाटले, गावभर वाटले. अन् संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. पहिल्यांदा नात बघितली हो म्या, एवढुशी, मुठी आवळून पडलेली. डोळ्यात पाणीच आलं माझ्या, तिथंबी पाणी! मंजुषा खाटेवरून म्हणती, "मामा, मी माझं बाळ दाखवलं, आता तुमी माझं सेडम दाखवा." मेलो! तोंडातून निघून गेलं, "ते... झोपलंय."

झोपलंय! झाड! ती म्हणली, "बरं, उठलं का दाखवा."

रातभर डोळा लागला न्हाई. सकाळी वावरात गेलो, खुरपण चाललेलं, अन् बायांनी उपटून बांधावर टाकलेलं तण बघितलं... अन् थबकलोच! घोळ! आपली घोळ हो, रानातली! मातीला चिकटून पसरलेली, तांबूस देठ, फुगीर पानं. जलमभर जिचा नायनाट केला, ती मला त्या दिवशी देवावानी दिसली. मी वाकून एक एक जुडी निवडून राहिलो, अन् बाया हसून राहिल्या, "मालक, आमाला उपटायला लावता अन् सोता घरी नेता?" नेली. गुपचूप कुंडीत लावली. पार्वतीबाईलाबी सांगितलं न्हाई, तिला सांगणं अन् दवंडी देणं एकच. दिवेलागणीला फोन लावला, मोबाईल लांब धरला, जरा हलवला, रेंजला नाव ठेवलं. मंजुषानं बघितलं. मोबाईल डोळ्याजवळ नेला. म्हणली, "लई वाढलं की हो, मामा." मी म्हणलं, "व्हय, जीव लावलाय ना."

अन् मंडळी, गंमत बगा. घोळीला पाणी लई आवडतं! आता पाव्हणा आला, ओत बाबा. जनकाबाई आली, ओता. संतराम, चूळ भर! घोळ कुंडीबाहेर लोंबाया लागली. गाव म्हणलं, उकंडरावला अक्कल आली.

असे दिवस चालले, अन् एक दिवस जेवायला बसलो. ज्वारीची भाकर, वर ठेचा, अन् मुगाची डाळ घालून केलेली आंबूस भाजी, लसणाची फोडणी... दोन भाकरी खाल्ल्या म्या, तिसरी मागितली. म्हणलं, "पार्वतीबाई, लई बेस झाली भाजी. कुठून आणली?" तर ही बया पदराला हात पुसत म्हणती, "आणायची कशाला? तुमच्या त्या कुंडीत घोळ माजली होती. तिच्यापायी सुनेचं झाडच दिसंना. म्हणलं आता लेकरू घेऊन येईल ती, काय म्हणंल? म्हणून घोळ सगळी निंदून काढली, अन् टाकायची कशाला, म्हणून भाजीत घातली." माझा घास हातातच राहिला. "अन् झाड?" म्हणलं. ती म्हणती, "तेच तर मी तुमाला इचारणार होते... झाड कुठं हाय हो?"

पोटात होतं, दुसरं कुठं!

अन् दोन दिवसांनी मंजुषा आली. पोळ्याच्या आधी. दारात जीप थांबली, मी ओसरीवर उभा, बाजूला रिकामी कुंडी, वर तुमचा बोर्ड, लाल अक्षरात. पार्वतीबाई भाकरतुकडा अन् तांब्या घेऊन गेली, मायलेकीवरून ओवाळला, पायावर पाणी घातलं, अन् ओवाळलेलं उरलेलं पाणी... बराबर वळखलं तुमी... झपकन वळून कुंडीत! झाड न्हाई, काही न्हाई, निस्ती माती! तरी कुंडीत!

मंजुषानं कुंडी बघितली. बोर्ड बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. म्हणलं, "पोरी, मी..." तर ती खदखदून हसली हो! बाळ दचकलं एवढी हसली. "मामा, शेतकऱ्याची लेक हाय मी. व्हिडिओवर घोळ वळखू येईना का मला?" म्हणलं, "मग बोलली काहून न्हाईस?" तर म्हणती, "तुमी एवढ्या मनापासून दाखवून राहिले होते, कशी बोलू? अन् वडिलांच्या कानावर आलं होतं सगळं. आख्ख्या गावात पाणी न घालणारा माणूस एकच हाय म्हणून." अन् पिशवीतून काय काढलं, तर दह्याचा रिकामा डबा, त्यात माती, अन् त्यात सेडम! टवटवीत! जाताना एक देठ तोडून नेलेला म्हणे तिनं, मातीत खोचला का लागतो. म्हणली, "मला हे घर ठाऊक हाय, मामा."

डबा माझ्या एका हातात दिला. अन् दुसऱ्या हातात, तुमाला सांगतो, नात दिली. म्हणली, "मामा, डॉक्टरांनी सांगितलंय, सहा महिने निस्तं अंगावरचं दूध. पाणी अजिबात पाजायचं न्हाई. घोटभरबी न्हाई, गुटी न्हाई, मध न्हाई. आत्याबाईंला सांगून उपेग न्हाई... तुमी ऐकून घेता."

आता समजलं का, बोर्ड कुठं लावायचाय? पाळण्याला! लिवा, माऊली, ठळक लिवा, 'पाणी पाजू नये'. कारण तिकडं पार्वतीबाई म्हणून राहिली, लेकराच्या घशाला कोरड पडंल. जनकाबाई साखरेचं पाणी अन् वाटीचमचा घेऊन दारात बसलीय. संतराम म्हंतो, दाजी, गुटी म्हंजी पाणी थोडंच हाय! अन् मी पाळण्याची दोरी धरून पहाऱ्याला. नात माझ्याकडं बघून हसती, मी तिला म्हंतो, हस बाई, तुला कोणी घोटभरबी पाजणार न्हाई, उकंडरावची जबान हाय. लई लाख माणूस हाय हो मी, पोरीनं इश्वास टाकलाय... आरं, घसा कोरडा पडला बोलून बोलून. द्या तो गिलास इकडं. हां... बस, बस, अर्धा पुरे. चला, जीप भरली वाटतं, उठतो मी, बोर्ड नेतो येत्या...

काय? काय झालं? काहून वरडले? कुठं ओतलं म्या?... ह्या काउंटरवरच्या झाडात? मग, उरलेलं पाणी वाया घालू का?... काय म्हंता? प्लास्टिकचं हाय?

...माऊली, एक काम करा. अजून एक बोर्ड लिवा. दोरी लावून द्या त्याला... माझ्या गळ्यात अडकवायचाय.